मॅडमच्या हातचं घेवर

खातीपुऱ्यातल्या आमच्या दिव्यांग केंद्राच्या मॅडम म्हणजे एकपात्री प्रयोग. बोलताना आधी हात येतात, शब्द मागून. पाहुण्यांसमोर गळा दाटवून म्हणणार, "मतलब, ही माझीच लेकरं हो," आणि पाहुणे वळले की चहा पांचट झाला म्हणून मावशींवर डाफरणार. मला हा खेळ बघायला फार आवडायचा.

माझा धाकटा भाऊ अवी त्यांच्याकडे जातो. चाळिशीचा आहे, बुद्धीने लहान राहिला. थकलेल्या आईने खपून खपून त्याला चमच्याने जेवायला शिकवलं. आपल्यामागे त्याचं अडू नये, एवढीच तिची इच्छा.

तीजेच्या सणाला देणगीदार घेवराची मिठाई घेऊन आले. अवी मजेत खात होता. मॅडमनी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. "अवीराजा, आ कर."

मी म्हणालो, "मॅडम, तो आपल्या हाताने खातो."

कॅमेऱ्याकडे हसत त्या पुटपुटल्या, "दादा, मग फोटोत मी काय करू?"

त्यानंतर पाहुणे येतच राहिले. मॅडमचं शिकवणं पक्कं, हे मानायला हवं. आता घरी ताट वाढलं की अवी आ करून बसतो. आईने हातात दिलेला चमचा तो हसून तिलाच परत देतो.