शेवटाआधी बंद पडणारी गाडी

तेहतीस वर्षं ब्रेकमास्तर दुसऱ्याच्या हाती जीव देऊन गावभर हिंडले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्या एका ब्रेकच्या भरवशावर त्यांनी डॉक्टरांना, वकिलांना, बँकेच्या मॅनेजरांना गाडी शिकवली. शिकवली नाही ती फक्त बायकोला. घरच्या माणसाला शिकवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे, असं ते सांगायचे. हा नियम दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी ऐकला नव्हता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या शिकाऊ मंडळींच्या गोष्टींचं एक पुस्तक लिहिलं. छापलेल्या पाचशे प्रतींपैकी साठ गेल्या, त्याही नातेवाइकांनी भिडेखातर घेतलेल्या. वर्षभराने प्रकाशकाचा फोन आला. गोदाम रिकामं करायचं होतं. तीन महिन्यांत पुस्तक हललं नाही, तर उरलेल्या प्रतींचा लगदा.

त्या दिवशी मास्तर दोन घास कमी जेवले. माणूस जन्मात एकच पुस्तक लिहितो, आणि उद्या त्यातून अंडी ठेवायचे ट्रे निघणार, हे त्यांना फार लागलं.

"बाबा, हल्ली नुसतं लिहून भागत नाही," लेक म्हणाली. "दर आठवड्याला एक व्हिडिओ टाकायचा. एकदा टाकून गप्प बसायचं नाही. लोक विसरायच्या आत परत समोर यायचं."

पहिल्या व्हिडिओसाठी मास्तरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाठीमागे शेजाऱ्यांकडून आणलेली जाडजूड पुस्तकं रचली. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. "नमस्कार" म्हणाले आणि तिथेच अडकले. व्हिडिओ अकरा वेळा पाहिला गेला. त्यातल्या सात वेळा त्यांनी स्वतःच पाहिला होता.

लेकीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. बोलताना बाबांचा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता. तेहतीस वर्षं त्यांनी या गोष्टी सांगितल्या होत्या त्या घाबरलेल्या शिकाऊ माणसाला धीर यावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर स्वतःला धीर यावा म्हणूनही. जीव मुठीत आला की त्यांची जीभ सुटायची. खुर्चीत बसून कुणाचा जीव मुठीत येतो?

स्कूलच्या मालकाने रविवार सकाळपुरती जुनी गाडी दिली. पण शिकायला कोण बसणार?

"मी बसते," बायको पदराला हात पुसत म्हणाली.

"अगं, पण घरच्या माणसाला..."

"मग होऊ दे लगदा."

मास्तर मुकाट्याने गाडीत बसले.

सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या बाजाराच्या आवारात गाडी निघाली. फोन काचेपाशी लावलेला, चाक बायकोच्या हाती, आणि मास्तर जे सुटले ते सुटलेच. "तर मॅनेजरसाहेबांनी गाडी घातली ती थेट अग्निशमन केंद्रात. समोर बंब, मागे दार बंद. तेवढ्यात तिथला अधिकारी शिडीवरून उतरला, साहेबांकडे बघितलं आणि म्हणतो कसा..."

गचका बसला. गाडी बंद.

"अगं, क्लच! किती वेळा सांगायचं?" पुढची दहा मिनिटं क्लचवर गेली.

लेकीने व्हिडिओ होता तसा टाकला. दुसऱ्या दिवशी खाली चाळीस जणांनी विचारलं होतं, अधिकारी काय म्हणाला? लेकीने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: पान एकोणचाळीस.

गाडी रुळावर आली. दर रविवारी नवी गोष्ट आणि दर रविवारी ऐन शेवटाच्या तोंडावर गाडी बंद. लोक मास्तरांचा वैताग बघायला यायचे, गोष्टीत गुंतायचे, आणि शेवट कळल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही ते पुस्तक मागवायचे. एकदा मास्तरांनी शेवट घाईघाईने सांगून टाकायचा घाट घातला. गाडी त्याहून घाईने बंद पडली.

पुस्तक खपत होतं, पण अब्रू चालली होती. "मास्तर, जगाला शिकवलंत आणि वहिनींना क्लच जमेना?" भाजीवाला विचारायचा. दिव्याखाली अंधार, असं स्कूलमधले जुने सहकारी तोंडावर म्हणायचे. मास्तर हे सगळं गिळायचे. लगद्यापेक्षा टिंगल बरी.

बाराव्या आठवड्यात बायकोची लायसन्सची परीक्षा आली. तपासनीस व्हिडिओ बघणारा होता. त्याने आपला सीटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. मास्तर कुंपणाबाहेर नखं खात उभे राहिले. बायकोने चढावर गाडी उचलली, वळवली, मागे घेतली आणि दोन खांबांच्या मधोमध नेऊन उभी केली. एकही गचका नाही.

परतताना चाक तिच्याकडेच होतं.

"मग दर रविवारी बंद कशी पडायची?" मास्तरांनी विचारलं.

"पाडायचे मी. तुम्ही रंगात आलात की शेवट सांगून मोकळे होता. मग पुस्तक कोण घेणार?"

"पण शेवट कुठे येतो, ते तुला कसं कळायचं?"

"वाचलंय की सगळं." तिने कोपऱ्यावर सफाईने वळण घेतलं. "एकशे बारावं पानसुद्धा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकशे बाराव्या पानावर त्यांनी हशा पिकावा म्हणून लिहिलं होतं, 'आमच्या हिला मी गाडी शिकवली नाही. जे या जन्मात येणारच नाही, ते शिकवून पेट्रोल का जाळा?'

त्यांना मनापासून लाज वाटत होती.

संध्याकाळी प्रकाशकाचा फोन आला. गोदाम रिकामं झालं होतं, पण सगळ्या प्रती वाचकांकडे गेल्या होत्या. दुसरी आवृत्ती काढायची होती. काही दुरुस्ती?

"एक वाक्य काढायचंय," मास्तर हळूच म्हणाले. "पान एकशे बारा."

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काही काढू नका हो," ती प्रकाशकाला म्हणाली. "आहे तसंच राहू द्या. फक्त त्याच्या खाली माझ्या लायसन्सचा फोटो छापा."