जवळचं उपकेंद्र

वीज कार्यालयात सगळे तिला नकाशाताईच म्हणत. कुठल्या घराला कुठल्या उपकेंद्रातून वीज जाते, हे वायरमनच्या वह्यांतून शोधायला वर्ष गेलं असतं. वरून घाई होती. म्हणून तिने संगणकाला एकच नियम दिला: प्रत्येक घर सर्वांत जवळच्या उपकेंद्राचं. तासाभरात शहराचे एकोणीस रंगीत तुकडे पडद्यावर आले. साहेबांनी पाठ थोपटली आणि त्याच नकाशावरून तक्रारी वाटायला सुरुवात झाली.

कालव्यापलीकडे तिची आत्या राहायची. आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं होतं. अंडी उबवायच्या यंत्रावर आत्याचं घर चाले. एका मंगळवारी तिचा फोन आला.

"कालपासून लाइट नाही गं. तीनदा तक्रार केली. माणसं येतात, म्हणतात आमच्याकडे बिघाडच नाही."

नकाशाताईने ते घर पडद्यावर काढलं आणि तक्रारी कुठल्या उपकेंद्राकडे गेल्या ते पाहिलं. जवळचं उपकेंद्र कालव्याच्या अलीकडे होतं, पण कालव्यावरून तार गेलीच नव्हती. आत्याची वीज मागून, लांबच्या उपकेंद्रातून यायची.

ती साहेबांकडे गेली. "चूक माझी आहे. आत्ता दुरुस्त करते."

"मंजूर नकाशा आहे, समितीशिवाय हात लावायचा नाही. आणि कागदावर चूक लिहू नकोस, सुधारणा लिही."

तिने लांबच्या उपकेंद्रातल्या वायरमनला फोन लावला.

"तार आमचीच आहे, ताई. पण नकाशामुळे तक्रार आमच्याकडे येतच नाही, मग लाइन बंद करायचं परमिट कसं निघणार? बिनपरमिटाचा खांबावर चढलो आणि काही झालं, तर घरच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

तिने फोन ठेवला.

अर्धी रजा टाकून ती आत्याकडे गेली. आत्याने ट्रे गोधड्यांत गुंडाळून मध्ये गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. एक अंडं बॅटरीसमोर धरून ती म्हणाली, "एकोणिसावा दिवस. अजून दोन दिवसांत पिल्लं निघायला हवीत. काल आत हलत होतं."

वीज गुरुवारी आली, तीही त्याच तारेवरच्या दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीमुळे. दोघींनी घरामागे अंडी पुरायला खड्डा खणला.

"असले नकाशे काढतं तरी कोण?" आत्याने विचारलं.

"मी."

आत्याने खड्ड्यावर माती ओढली. मग म्हणाली, "ती मातीची पाटी इकडे सरकव."

समितीची बैठक दोनदा पुढे गेली. सुधारणेचा अर्ज साहेबांच्या टेबलावरच आहे. आत्याने त्यानंतर यंत्र लावलेलं नाही. नकाशाताई विचारते, तेव्हा ती नुसतं "बघू" म्हणते.