विरजणाची वाटी

शेजारच्या साळूबाई रोज सकाळी वाटी घेऊन आमच्या दारात हजर. "मनकर्णा, विरजण दे गं." एकटा जीव, दूध पावशेर, पण विरजणाच्या निमित्तानं ओट्यावर टेकायचं आणि माझ्या सुनेच्या भाकरीला नावं ठेवायची. मीही काही ऐकून घेणारी नाही. आमची जुंपली की गल्लीत बायका दारात येतात.

त्या रविवारी त्यांचा मुलगा रामकिसन शहरातून देवगावात आला होता. नेमकी त्याच दिवशी कॉलेजची अमिना प्रश्नांचा कागद घेऊन म्हाताऱ्या माणसांचं एकटेपण मोजायला साळूबाईंच्या घरी आली; मीही तिथंच बसले होते. मला हसूच आलं. एकटेपण म्हणजे काय ज्वारी आहे, पायलीनं मोजायला? पण साळूबाईंचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं. रामकिसननं आल्या आल्या सांगितलं होतं, "एकटं वाटत असंल तर आजच चल. घराला कुलूप घालू."

"आजी, एकटं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?" अमिनानं विचारलं.

"कधीच नाय."

"बोलायला कुणी नाही, असं वाटतं?"

"नाय म्हणलं ना!" पदर बोटाला घट्ट गुंडाळलेला.

"रोज कुणाकडे जाता?"

"हिच्याकडं. विरजण आणाया. घरात दही टिकतच नाय."

रामकिसन पाणी घ्यायला आत गेला होता. तो फ्रिजमधलं पातेलं घेऊनच बाहेर आला. काठोकाठ दही.

"आई, हे काय मग? घरात दही असून बोलायला म्हणून रोज काकूकडं जाती? एवढं एकटं वाटतंय आन् कधीच नाय म्हणती? भर पिशवी!"

साळूबाईंनी भिंतीला हात टेकला. ते दही मला केव्हाचं ठाऊक होतं. आंबट वास लपतो होय? पण आता माझं डोकं फिरलं.

"रामकिसन, तुझ्या फ्लॅटसमोर कोण राहतं रं?"

"असंल कुणी, काकू. दार बंदच असतंय."

"मग तिथं वाटी घिऊन ही कुणाच्या दारात उभी राहील?"

त्यानं पातेलं खाली ठेवलं. साळूबाई अमिनाकडे वळल्या.

"'कधीकधी' लिही, पोरी. ह्यानं तिकडं नेलं, तर 'नेहमी' लिहाया परत ये."

संध्याकाळच्या एसटीनं रामकिसन एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं तरी साळूबाई आल्या नाहीत. लाजल्या असणार. घरातलं सगळं दही मांजरीपुढे ओतलं, वाटी घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"साळूबाई, विरजण द्या."