केकवरचं ‘गेट वेल सून’

बेकरीच्या मागच्या खोलीत ती केकवर अक्षरं काढायची. मालक तिला कौतुकानं ‘पेंटरीणबाई’ म्हणायचा. इंग्रजी तिचं यथातथाच. पण इतकी वर्षं तीच ठरलेली वाक्यं क्रीमनं लिहून कुठलं कुठे शोभतं ते तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

एकदा एक गिऱ्हाईक आलं. “आईसाठी हवाय. डॉक्टरांनी हात टेकलेत. ‘गेट वेल सून’ लिहा.”

बाईला राहवेना. “दादा, ते बरं होणाऱ्या माणसाला लिहितात हो. आईंना नुसतं ‘विथ लव्ह’ लिहू या?”

तो बिचारा डोळे पुसत ‘बरं’ म्हणाला. घरी जाऊन तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो पडला एक नंबरचा चेष्टेखोर! तेव्हापासून साधी सर्दी झाली तरी विचारायचा, “काय गं, मी ‘वेल सून’ की ‘विथ लव्ह’?”

आता तोच वॉर्डात खाटेला खिळून होता. काल डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगून टाकलं, आता आशा नाही. ती डोळे कोरडे करून आत गेली, तर हा म्हणतो, “साऱ्या जगाला केक लिहून देतेस. उद्या मला एक आण की!”

झाली ना पंचाईत! ‘विथ लव्ह’ लिहावं तर त्याला कळणार. काहीच लिहू नये, तर तो काय दूधखुळा होता? शेवटी तिनं काळजावर दगड ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलं. अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख आलं.

त्यानं खोका उघडून बराच वेळ पाहिलं.

“बरोबर लिहिलंस ना गं?”

“म्हणजे काय! माझं कधी चुकलंय का?”

“कधीच नाही,” तो म्हणाला. “पण काल तुझ्या आधी डॉक्टर माझ्याशी बोलून गेले.”

सुरी तिच्या हातात तशीच राहिली. इतका वेळ दाबलेला हुंदका फुटलाच.

“अगं, रडतेस काय वेड्यासारखी?” त्यानं शेजारच्या खाटेकडे मान वळवली. “त्या काकांना दे. ते उद्या घरी चाललेत. त्यांना हे बरोबर लागू पडतं.”

ती उठली आणि केक न कापताच, आख्खा, त्यांच्याकडे घेऊन गेली.