मुकी गाडी

गेल्या वर्षी धुळ्याच्या शर्यतीला आम्ही सायकली कापसाच्या टेम्पोत टाकून नेल्या. उतरवल्या तेव्हा पाचांतल्या दोन सायकलींची चाकं पापडासारखी वाकलेली. त्यांतली एक आमच्या सगळ्यांत वेगवान पोरीची होती. ती दिवसभर मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिली. रडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मी धरणगावला मुलींना खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी असते, आणि घरीसुद्धा मी शिट्टीच्याच आवाजात बोलते असं माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं आहे. त्या दिवशी परतताना मी टेम्पोवाल्याशी भांडले, घरी येऊन भाऊशी भांडले आणि पुढच्या वर्षी आपली स्वतःची गाडी असेल असं जाहीर करून टाकलं. राग आला की मी असंच काहीतरी बोलून बसते आणि मग ते निस्तरत बसते.

गाडी मिळाली ती भाऊचीच. म्हणजे त्याच्या मालकीची नव्हे. एका धर्मादाय दवाखान्याची रुग्णवाहिका तो बारा वर्षं चालवत होता. दवाखान्याने नवी गाडी घेतली, भाऊची साठी झाली, आणि दोघं एकाच आठवड्यात निवृत्त झाले. भाऊ घरी बसून अंगणात दिवसातून तीनदा पाणी मारायचा, आणि वहिनी चिखलावरून त्याला बोलायची. गाडी दवाखान्याच्या मागे निंबाखाली उभी होती. मी ती विकत घेतली तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "इंजिन चांगलं शे." पण दुसऱ्या दिवशी पाहते तर सकाळी सात वाजता हा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात तयार.

भाऊच्या गाडी चालवण्याबद्दल सांगायलाच हवं. त्याला धरणगावपासून जळगावपर्यंतचा प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक पाठ आहे. मागे झोपलेल्या माणसाला हिसका बसता कामा नये, हा त्याचा एकुलता एक धर्म. गतिरोधकावरून गाडी अशी उतरवायचा की मागच्या माणसाला कळायचंही नाही. मी त्याला चिडवायची, तुझ्या गाडीत दूध ठेवलं तर दही लागायच्या आत जळगाव येत नाही. तो हसायचा, पण बदलायचा नाही.

गाडीत फेरफार करायला आमच्या बाजारपेठेमागे वेल्डिंगचं दुकान असलेले चाचा मिळाले. साठीच्या पुढचे, बोलायला कमी आणि हाताला पक्के. सायरन आणि वरचा दिवा काढल्याशिवाय आरटीओ नवे कागद देणार नव्हतं. ते काम भाऊने कुणाला करू दिलं नाही. सायरनचं बटण त्याने स्वतः खोललं, रुमालात बांधलं आणि खिशात टाकलं. तिथे एक गोल भोक राहिलं. पुढे कितीतरी दिवस गाडी सुरू केली की त्याचा अंगठा आपोआप त्या भोकाकडे जायचा.

बाकीचं मात्र फार गमतीने जुळून आलं. स्ट्रेचर सरकवायच्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या, त्यांत सायकलचं चाक नेमकं बसलं. चाचांनी तशाच आणखी तीन पट्ट्या जोडल्या. ऑक्सिजनच्या नळकांड्याचं कडं होतं, त्यात हवा भरायचा पंप अडकवला. सलाइनच्या आकड्याला हेल्मेटं लटकली. नातेवाईक बसायचे तो बाक भाऊने काढू दिला नाही. "पोरी तठे बठतीन," म्हणाला. चाचांनी जुना पत्रा उचलला तेव्हा खालून बांगड्यांचे तुकडे, दोन सेफ्टी पिना आणि लहान बाळाची एक काळ्या मण्यांची मनगटी निघाली. भाऊने ती मनगटी शर्टाला पुसून हातात घेतली. मी विचारलं, कुणाची ते आठवतंय का? तो म्हणाला, "माले काय माहीत. मी दवाखानाना दारलोंग. पुढे काय व्हयनं, माले कोन सांगस?"

भाऊचं काम दवाखान्याच्या दारापर्यंतच, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. बरे झालेले लोक एसटीने नाहीतर रिक्षाने आपले घरी येत. भाऊच्या वाट्याला ते परत आलेच नाहीत. त्याच्या गाडीने घरी परत आणली ती फक्त न वाचलेली माणसं.

रंगाची चूक माझी. चाचा म्हणाले होते, "बाई, रंग बदल डालो. गाँव के लोग इस गाडी को पहचानते." मला शर्यतीची घाई होती. अक्षरं आणि लाल पट्टा खरवडला, पांढरा पांढराच राहू दिला, आणि वर चाचांनाच ऐकवलं की शाळेच्या गाडीला पांढरा शोभून दिसतो. उन्हात बघितलं तर खरवडलेल्या जागी जुनी अक्षरं अजून वाचता येत होती. मी उन्हात बघितलंच नाही.

शर्यतीच्या आठ दिवस आधी, रविवारी, सरावासाठी आम्ही पहिल्यांदा निघालो. जानेवारीची थंडी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दादर ज्वारी उभी, शेतांच्या बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. धरणगावातल्या चार पोरी सायकलींसह बसल्या होत्या. पाचवी, तीच वेगवान पोरगी, सहा-सात किलोमीटरवरच्या गावात राहते. तिचे वडील सुरतेला कारखान्यात आहेत, आई त्यांच्याजवळ. घरात ती आणि तिची आजी. आजीला गावात सगळे अक्का म्हणतात.

भाऊने गावात गाडी घेतली ती नेहमीसारखी, अलगद. गतिरोधकावरून पाण्यासारखी उतरवली. गल्लीत वळलो तर ओट्यावरची एक बाई हातातलं भांडं तसंच ठेवून उभी राहिली. दुसरी घरात पळाली. एका म्हाताऱ्या बाबांनी टोपी काढली. मला वाटलं, वा, शाळेच्या गाडीचा काय मान! इतकी मी हुशार.

अक्काच्या दारात थांबलो तोवर मागे पंचवीस-तीस माणसं जमली होती, आणि कुणीच बोलत नव्हतं. अक्का दारात आली. तिने गाडी पाहिली, भाऊचा चेहरा पाहिला आणि उंबऱ्यातच खाली बसली. "कोनले लई उना रे भाऊ?" कुणाला घेऊन आलास, असं तिने विचारलं, आणि मग लेकाचं नाव घेऊन तिने जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकू येतो.

पोरगी आतून धावत आली, आजीला मिठी मारून ओरडायला लागली, "माय, सायकलनी गाडी शे वो! बाबा बरा शेत!" सुरतेला फोन लावला, लेकाचा आवाज कानाला लावला, तेव्हा कुठे अक्काचा श्वास खाली बसला. पण तिने नातीचा हात सोडला नाही. सायकल राहिली, पोरगी राहिली. आम्ही तसेच परत फिरलो.

घरी येऊन भाऊने किल्ली माझ्यापुढे ठेवली. "नको बाई. आते नको. मी दारशी उभा ऱ्हायनू का लोके रडतस." मी किल्ली उचलून खुंटीला अडकवली. मला त्याची फार दया आली आणि स्वतःचा फार राग आला.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटीने अक्काकडे गेले. पदराने डोळे पुसत तिने मला बसवलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि माझी माफी मागून व्हायच्या आत स्वतःच बोलायला लागली. "गाडीवर मना राग नही वो बाई. चिल्लात जास तवय आम्ही हात जोडतस, जीव शे म्हनीसन. मुकी येस तवय कोना तरी घरमा रडनं ऱ्हास. बठ्ठा गावले माहीत शे." मग म्हणाली, "पोरले धाडसू. पन ती गाडी मुकी नको येवाले."

घरी येऊन मी भाऊला हे सगळं शब्दशः सांगितलं: सायरन वाजवत जाते त्या गाडीत जीव असतो, मुकी येते ती मढं घेऊन. आता येताना हॉर्न वाजवत जाऊ, मी म्हटलं. त्याने मान हलवली. हॉर्न तर वाळूचा डंपरसुद्धा वाजवतो, म्हणाला, त्याने कुणाला काय कळणार. मग तो पाणी मारायला अंगणात गेला. मी विषय सोडून दिला. गाडी चालवायला दुसरा कुणीतरी शोधावा लागणार, आणि कुणीही चालवली तरी त्या गल्लीत तेच होणार, हे मला कळत होतं. ती पोरगी दुसऱ्या वर्षीही कडेला बसून टाळ्या वाजवणार होती.

शनिवारी मी चाचांकडे ड्रायव्हरच्या चौकशीला गेले तर त्यांच्या दुकानापाशी उभी असायची ती गाडी जागेवर नव्हती. चाचांनी नुसतं हाताने रस्त्याकडे दाखवलं. भाऊ घरून किल्ली घेऊन गेला होता. मैदानाजवळच्या गतिरोधकावरून तो गाडी नेत होता, वळवून आणत होता, परत नेत होता. मागे चार सायकली उभ्या. मला पाहून हा म्हातारा लाजला आणि म्हणाला, ब्रेक तपासत होतो.

रविवारी सकाळी तोच चालवायला बसला. मी शेजारी बसले. चार पोरी मागे बाकावर. गावाची वेस आली, गतिरोधक दिसला, आणि मी सवयीने अंग सैल सोडलं, कारण भाऊच्या गाडीत कधी काही धरून बसावं लागलं नव्हतं. त्याने वेग कमी केलाच नाही.

गाडी अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं. मागे चारही सायकलींच्या घंट्या एकदम खणखणल्या. सलाइनच्या आकड्याची हेल्मेटं एकमेकांवर वाजली. पोरी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, आणि काय चाललंय हे त्यांना माझ्याआधी कळलं. चौघींनी पुढ्यातल्या घंट्यांवर अंगठे ठेवले आणि त्या वाजवतच सुटल्या. बारा वर्षं कुणाला हिसका बसू नये म्हणून जपणारा माझा भाऊ गल्लीतला एकेक खड्डा शोधून त्यात चाक घालत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मी माझी शिट्टी काढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून जोरात फुंकली. खेळाच्या बाईंना हे शोभत नाही हे मला माहीत आहे.

ओट्यांवरच्या बायका या वेळीही उभ्या राहिल्या. पण त्या हसत होत्या, आणि गल्लीतली लहान पोरं गाडीमागे धावत होती. अक्काच्या दारात नात सायकल धरून तयार होती. अक्काने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दारातून आत वाकून पाहिलं आणि एका सायकलची घंटी स्वतः वाजवून बघितली. पाचवी सायकल पट्टीत बसली. पोरगी बाकावर सरकून बसली.

मी घड्याळ दाखवत होते, धुळ्याला साडेनऊची हजेरी होती. अक्का मात्र घरात गेली आणि तांब्या घेऊन थेट भाऊच्या खिडकीशी आली.

"ले भाऊ, पानी पे."

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग कोण कुठला विचारतात. पण भाऊ यायचा तो एक तर माणूस घेऊन धावत सुटायला, नाहीतर सुतक घेऊन, आणि सुतकाच्या घरचं पाणी कुणी देत नाही, कुणी पीत नाही. या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात तो बारा वर्षं थांबला होता. सीटखाली स्वतःची पाण्याची बाटली ठेवायचा.

तो खाली उतरला. दोन्ही हातांनी तांब्या घेतला, उभ्यानेच सगळा प्यायला, शर्टावर सांडेपर्यंत. मग रिकामा तांब्या पुन्हा भरायला पुढे करून म्हणाला, "अक्का, आखो दे."

मी घड्याळ असलेला हात खाली घेतला.