मेंढरांमागून येलदरीला

"मॅचला येत न्हाई, मेंढरं जिंतूरकडं निघालीत," असा आमच्या गोलकीपरचा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका ट्यूबला ठिगळ लावत होतो. ठिगळ वाकडं बसलं. गिऱ्हाइकाला म्हणालो, "असंच जास्त टिकतं." आणि शटर ओढून मोटार अड्ड्याकडे निघालो.

परभणीत माझं सायकलचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात पंप मारता मारता स्वतःचं झालं. त्याच्या जोडीला एक फुटबॉल संघ बाळगला आहे. आमच्या देखत निजाम गेला, हैदराबाद गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, पण संघ जिल्हा लीगच्या दुसऱ्या फळीतून हलला नाही. यंदा हलायची वेळ आली होती, तीही खालच्या अंगाला. शेवटचा येईल तो बाहेर, आणि दुसऱ्या फळीच्या खाली तिसरी नाही. खाली ज्याचं त्याचं घर आहे. एकदा घरी गेलेली पोरं परत मैदानात येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मोसम म्हणाल तर असा: पूर्णेला रेल्वेवाल्यांनी आम्हाला पाच गोल घातले आणि वर चहा पाजला. पिंगळीला मैदान स्टेशनाला लागून, गाडी आली की दोन्ही संघ खेळ थांबवून कोण उतरतंय ते बघायचे. आमचा एकमेव विजय घरच्या मैदानावरचा. त्या दिवशी पाहुण्यांची मोटार वाटेत बंद पडली होती. आता उरला होता येलदरीच्या धरण कॅम्पाशी सामना. बरोबरी झाली तरी आम्ही तगणार होतो. पण महादू धनगर गोलात नसला की आमचा गोल म्हणजे बिनकवाडाचं घर.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. जिंतूरची एसटी सकाळचीच धरा आणि मागच्या बाकावर बसू नका. मी बसलो, आणि बोरीपर्यंत माझ्या डोक्याची गाडीच्या टपाशी सात जन्मांची ओळख झाली. जिंतूरला अड्ड्यावर भजी गरम मिळतात. चहा मात्र मागताना "साखर कमी" म्हणा, तरी गोडच येईल.

गावाबाहेर तासभर चाललो तर कळप दिसला आणि कळपामागं लांब हातांचा महादू. घरची माणसं ऊसतोडीला गेलेली, हा एकटाच.

"महादू, परवा मॅच हाय."

"हाय की. पर मेंढरं बी हायत."

"दोन दिवस कुणाच्या तरी हवाली कर."

"शेट, तुमी दुकान उघडं टाकून आलाव का?"

"कुलूप लावून आलो."

"मग मेंढराला कुठं लावू कुलूप?"

मी विडी काढली. विडी संपेपर्यंत सौदा ठरला. मेंढरं जिथं बसतील तिथं महादू. मैदानाशेजारी कुणी रात्री कळप बसवायला रान दिलं, तर तो गोलात उभा राहणार. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याला खत मिळतं आणि धनगराला ज्वारी, हा आमच्याकडचा जुना व्यवहार. फुटबॉल त्यात पहिल्यांदाच शिरत होता.

एसटीने तासाभरात होणारी वाट मेंढरांसोबत पुरा दिवस खाते. कुणाला हौस असेल तर जरूर जा, फक्त पांढरं धोतर नेसू नका. वाटेत महादूने भाकरी आणि लसणाचा ठेचा दिला. ठेच्याने माझे कान गरम झाले. "लय तिखट हाय का?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "आज कमीच टाकलाय," तो म्हणाला.

येलदरीला मैदान म्हणजे सपाट केलेला मुरूम. त्याला खेटून सखारामबापूंचं पडीक रान. बापूंना फुटबॉलचं काही नव्हतं, खताचं होतं. "दोन राती बसवा. पर तुमचा शबुद पायजे," ते मला म्हणाले. मी दिला. काट्यांचं कुंपण झालं, कळप आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचा संघ एसटीने उतरला. आमचा कप्तान करीम टेलर मेंढरं बघून म्हणाला, "शेटजी, बारावा गडी लाये क्या?"

खेळ सुरू झाला. धरणवाल्यांच्या पायांत बूट, आमच्यात तिघांच्याच. तरी महादू कोकरू उचलावं तसा एकेक चेंडू उचलत होता. गोल कुणाचाच नाही. एक गोष्ट मात्र मला खटकली: त्यांचा कप्तान सारखा पंच मास्तरांना वेळ विचारत होता. दमलेला माणूस विचारतो तसं नाही; पाहुण्याची वाट बघणारा विचारतो तसं.

पाहुणा आला. धरणावर रोज संध्याकाळी खडकाला सुरुंग लावतात. धडाड्‌दिशी आवाज झाला आणि माझे दहाच्या दहा गडी जमिनीवर आडवे. आवाज झाला की आडवं व्हायचं, हे अठ्ठेचाळीसच्या गोळीबारात आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. मीही कडेला आडवाच होतो. कॅम्पवाल्यांना आवाजाची सवय. त्यांचा पुढचा गडी चेंडू घेऊन सुटला. समोर एकटा महादू.

पण आवाज मेंढरांनीही ऐकला होता. कुंपण मोडून अख्खा कळप मैदानात. महादूच्या तोंडून सवयीने हाक गेली, "हुर्रर्र, याऽऽ या!" आणि भ्यालेली मेंढरं मालकाकडे, म्हणजे गोलात धावली. त्या गड्याने मारला तो चेंडू लोकरीत गेला आणि दिसेनासा झाला.

"गोल!" कॅम्प ओरडला.

"कुठाय गोल? मेंढराला लागलाय!" महादू.

"मास्टरसाब, ये सब ऑफसाइड हैं," करीम आडव्यानंच म्हणाला.

पंच मास्तरांनी आधी चष्मा पुसला. "मेंढरू खेळाडू न्हाई. गोल न्हाई. मैदान रिकामं करा, चेंडू मी टाकतो." पण मैदान रिकामं होईना. मेंढरं गोलातून हलेनात. अंधारून आलं तेव्हा मास्तरांनी शिट्टी मारली. बरोबरी. आम्ही तगलो.

पोरं मला उचलायला धावली, तेवढ्यात सखारामबापू आले. रात्रभर मेंढरं गोलातच बसणार हे त्यांनी ओळखलं होतं.

"शेट, माझं खत गोलात पडायलंय!"

शब्द माझा होता. संघ परत गेला. मी आणि महादू आणखी एक रात्र थांबलो आणि बापूंचं रान भरून दिलं.

परभणीला आलो तर गिऱ्हाईक दारात उभं. ठिगळ सुटलं होतं. ते चांगलं लावून दिलं. सदऱ्याचा मेंढरांचा वास मात्र तीन धुण्यांत गेला नाही.

पावसाळ्यात धरणाचा जीपवाला पंक्चरला आला. म्हणाला, "तुमच्या त्या गोलात गुडघाभर गवत आलंय, बाकी सगळा मुरूम. आमचा गोलकीपर खूश आहे, पडलं तरी लागत नाही."

"मग राहू द्या की."

"कसलं राहतंय? एक म्हातारा रोज विळा घेऊन येतो. सायबांनी हटकलं तर म्हणतो, खत माझं हाय."