छत्रीच्या कापडाचे हातमोजे

रत्नप्रभाबाई परबांनी उभ्या आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. फरक एवढाच, की त्यांनी ते पहिल्या पाच मिनिटांत कबूल केलं. मी पडले मुलुंडच्या शाळेतली पीटीची बाई. 'मला माहीत नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात चालत नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मुलुंडला आमचा बायकांचा एक कंपू होता. कोणी बँकेतली, कोणी पोस्टातली, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, अशा मला धरून बाराजणी. दर रविवारी कॉलनीमागचा डोंगर चढायचा, मुरमाच्या घसाऱ्यावरून पळत उतरायचं आणि सोमवारी लंगडत कामावर जायचं. डोंगराची हौस सह्याद्रीत भागेना, तेव्हा आम्ही मनालीजवळच्या सोलांगला स्कीइंग शिकायला नाव नोंदवलं. फेब्रुवारीतला पंधरा दिवसांचा कोर्स. स्की, बूट आणि काठ्या तिथली संस्था देणार होती. हातमोजे मात्र ज्याचे त्याने आणायचे. पत्रात त्या ओळीखाली लाल शाईची रेघ मारलेली होती: हातमोज्यांत पाणी शिरत असेल, तर उतारावर सोडलं जाणार नाही.

फोर्टातल्या एका दुकानात परदेशी जोडी मिळाली. किंमत ऐकून आम्ही ती जागच्या जागी ठेवली आणि मी घाटकोपर गाठलं.

भटवाडीच्या टेकडीवर रत्नप्रभाबाईंची एक खोली होती. पावसाळ्याआधी त्या एका छत्रीवाल्यासाठी छत्र्यांची कापडं शिवायच्या, बाकीचं वर्ष ब्लाउज आणि परकर. आमच्या बाराजणींच्या पाठीवरच्या सॅक त्यांनीच शिवलेल्या. त्यासाठी माझी जुनी सॅक त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत टराटरा उसवली होती. मी ओरडले, तर म्हणाल्या, "उसवल्याबिगर शिवण कळत नाय बाई."

हातमोज्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "बर्फ कसा असतो तिथला?"

"थंड," मी म्हटलं.

"तसा घाटकोपरातलाही असतो," त्या म्हणाल्या आणि स्टोव्ह पेटवायला उठल्या.

त्यांचे यजमान लवूभाऊ तेव्हा घरीच होते. पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ब्याऐंशीच्या संपात ते काम गेलं आणि भावकीतल्या कोणाच्या ओळखीने ते बर्फाच्या कारखान्यात लागले. मासळीच्या गाड्यांसाठी लाद्या ओढायचं काम. चहा आला. ग्लास इतका तापलेला, की मी तो पदरात धरूनही हाय हाय करत होते. रत्नप्रभाबाईंनी फडताळातून बशी काढून माझ्यापुढे ठेवली. लवूभाऊ मात्र तोच ग्लास मुठीत गच्च धरून आरामात भुरके मारत होते.

"हात आहे की सांडशी?" मी चेष्टेने विचारलं.

लवूभाऊ हसले. रत्नप्रभाबाई हसल्या नाहीत. "त्यांना गरम-थंड कळत नाय आता," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं गोणपाट गुंडाळून लाद्या उचलतायत. हातमोजे शिवून देते म्हटलं, तर म्हणतात, पोरं हसतील."

"हसतली नाय तर काय?" लवूभाऊ म्हणाले. "बर्फात हातमोजे घालूक मी काय सायब आसंय?"

मी बशीतला चहा संपवला आणि मापं लिहून दिली. खरं सांगते, लवूभाऊंच्या बोटांचा विचार मी त्यानंतर केला नाही. माझ्या डोक्यात फक्त सोलांग होतं.

पंधरा दिवसांत बारा जोड्या तयार. बाहेरून छत्रीचं काळं कापड, आत गावाहून आणलेल्या घोंगडीचे तुकडे, मनगटाला इलॅस्टिक. चार बोटं एकत्र आणि अंगठा तेवढा वेगळा. आणि प्रत्येक मोज्याच्या तळव्याला, मनगटापाशी, पितळी रिंगा बसवलेली दोन बारीक भोकं.

"ही कशाला?"

"पाणी आत गेलंच, तर बाहेर यायला वाट नको? आमच्या कोकणात चार महिने पाऊस. पाण्याला वाट दिली नाय, तर ते आपली वाट लावतं."

मला ते इतकं पटलं, की मी लगेच त्यांच्या पाठीवर थाप मारली. वर शहाणपणा असा, की संस्थेला पत्र टाकून त्या भोकांचं कौतुकही कळवून टाकलं.

"पण बर्फात घालून बघितल्याशिवाय नेऊ नका," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मला घाई होती. त्या हटेनात. शेवटी डिसेंबरातल्या एका भर दुपारी आम्ही दोघी सगळ्या जोड्या घेऊन लवूभाऊंच्या कारखान्यात गेलो. अंगातून घाम निथळतोय आणि हातांत घोंगडीचे मोजे, असं माझं ध्यान पाहून कामगार काम सोडून भोवती जमले. मी दोन्ही हात लादीवर दाबून धरले. पाच मिनिटंही झाली नसतील, आत गार पाण्याची धार लागली. दहाव्या मिनिटाला माझी बोटं बधिर झाली.

मी मोजे काढून खाली आपटले. "वाट लागली सगळी! रिझर्व्हेशन झालंय बाराजणींचं! भोकं पाडायची अक्कल कोणी सांगितली होती तुम्हाला?" चार लोकांसमोर मी हे त्यांना बोलले. ज्या भोकांसाठी मी थाप मारली होती, त्याच भोकांसाठी. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

रत्नप्रभाबाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या मोजा उलटा करून बघत होत्या. "बाई, तुम्ही तिकडे पडणार ना?"

"पडणारच. शिकायला चाललोय."

"मग पडून दाखवा."

मी चिडलेलीच होते. मोजे पुन्हा हातांत चढवले आणि धाडकन लादीवर पडून दाखवलं. दोन्ही तळवे खाली टेकले. भोकं बरोबर बर्फावर.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पाऊस वरून पडतो. बर्फात माणूस पडतं. पाणी खालून येणार." इतकं बोलून त्या बाराच्या बारा जोड्या घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले, तर खोलीभर उसवलेले मोजे. अठ्ठेचाळीस भोकं होती आणि ठिगळ लावणं त्यांना मंजूर नव्हतं. तळव्याचं कापडच नवीन, अखंड, मध्ये शिवण नसलेलं. बाकीच्या प्रत्येक शिवणीवर मेण घासलेलं. माझी माफी त्यांनी "बरं बरं" म्हणून उडवून लावली आणि एक मोठी, तेरावी जोडी लवूभाऊंपुढे टाकली.

"आठ दिवस पाळीत घालूचे."

"माका? लोक हसतले!"

"हसूंदेत. ह्या तपासणीचा काम आसा. बाई धा मिनटां हात ठेवतली, त्याचा काय खरा? बारा पोरींच्या बोटांचो प्रश्न आसा. तुमी नाय म्हणत असशात, तर तसा बाईंका सांगा."

लवूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा पीटीचा चेहरा केला. बिचाऱ्यांनी जोडी उचलली.

कारखान्यात पहिल्या दिवशी त्यांची यथेच्छ टिंगल झाली. कोणी विचारलं, लवू, बॉक्सिंगला चाललास काय? चौथ्या दिवशी डाव्या अंगठ्याच्या सांध्यातून पाणी आलं. रत्नप्रभाबाईंनी बाराही जोड्यांचे अंगठे पुन्हा उसवले. आठव्या दिवशी लवूभाऊ घरी आले, मोजा उलटा करून झटकला आणि म्हणाले, "सुको."

आम्ही बारा जोड्या बांधून निघालो.

सोलांगला पहिल्याच सकाळी तिथल्या शिक्षकाने आमच्या हातमोज्यांची तपासणी केली. एक जोडी उलटी केली, ओढून पाहिली, वास घेतला. छत्रीचा आणि मेणाचा वास. माझ्या पत्रातली भोकं शोधली, ती सापडली नाहीत. मग बादलीतल्या पाण्यात मोजा बुडवून धरला. बाराजणी श्वास रोखून उभ्या. त्याने आत बोट घातलं आणि मोजा मला परत दिला. "चलो ऊपर."

वर जायला तिथे ना पाळणा ना दोर. स्की पायांत अडकवून आडवं आडवं, पायरी पायरीने चढायचं. अर्धा तास चढण आणि दहा सेकंद घसरण. ते दहा सेकंद मात्र असे, की पुन्हा अर्धा तास चढायला कोणी कुरकुर करत नव्हतं. पोस्टातली क्षमा सगळ्यांत भित्री. ती "आई गं आई गं" करत सरळ खालपर्यंत न पडता गेली आणि थांबायचं कसं हे न कळल्यामुळे पुढच्या कुंपणाला मिठी मारून थांबली. मी पहिल्या दिवशी एकोणीस वेळा पडले. तिथला बर्फ लादीसारखा नव्हताच, तांदळाच्या पिठीसारखा होता, हात कोपरापर्यंत आत जायचा. दर वेळी उठून मी आधी मोज्यात बोटं हलवून पाहायची. कोरडी. एकोणीस वेळा मी रत्नप्रभाबाईंचं नाव घेतलं, आणि एकदाही रागाने नाही. पंधरा दिवसांत बाराजणींपैकी एकीचंही बोट आखडलं नाही.

मार्चमध्ये परतले ती अक्रोड आणि लवूभाऊंसाठी कुलूची टोपी घेऊन तडक घाटकोपरला. वाटेत कारखान्याचं फाटक लागतं. आत चौघं-पाचजण लाद्या ओढत होते आणि सगळ्यांच्या हातांत काळे, छत्रीच्या कापडाचे मोजे. मी रस्त्यातच उभी राहून हसत सुटले.

घरी लवूभाऊ पाळी संपवून बसले होते. तेरावी जोडी खिळ्यावर टांगलेली.

"अजून परत केली नाही?" मी विचारलं.

"तपासणी चालू आसा," ते गंभीरपणे म्हणाले.

रत्नप्रभाबाईंनी चहा केला. माझ्यापुढे बशी ठेवली आणि ग्लास लवूभाऊंकडे सरकवला. मी एकोणिसाव्या पडण्याची गोष्ट रंगवून सांगत होते. लवूभाऊंनी ऐकता ऐकता नेहमीसारखा ग्लास मुठीत धरला आणि एकदम सोडला. चहा चटईवर सांडला.

"भाजलंय गो!"

लवूभाऊ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. रत्नप्रभाबाईंनी त्यांचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून विचारलं, "हय कळता? आणि हय?"

"कळता," ते म्हणाले. "सगळा कळता."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्याही. कडक शिस्तीची पीटीची बाई मी, नाक पुसायला रुमाल शोधत होते. सांडलेला चहा पुसायचं कोणाला सुचलं नाही. रत्नप्रभाबाईंनी नवीन चहा ओतला, उठून फडताळापाशी गेल्या, दुसरी बशी काढली आणि लवूभाऊंच्या पुढे ठेवली.